जुन्या गाडीची नाडी: ऑइल प्रेशर गेजची नळी जोडताना

(पुण्यात झालेल्या जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्य तितका तसाच ठेवला आहे.)

आजचा विषय ऐकून काही जणांना वाटलं असेल, की एका काडीएवढ्या नळीवर तासभर काय बोलणार? नळी घ्यायची, एक टोक इंजिनाला, दुसरं गेजला, दोन नट आवळले की काम संपलं. खरं आहे, काम एवढंच आहे. पण हे काम बरोबर झालं तर इंजिन पुढची वीस वर्षं चालतं आणि चुकलं तर तेच इंजिन पाच मिनिटांत जातं. म्हणून आज आपण ती नळी का जोडायची, कशी जोडायची आणि जोडल्यावर तिच्याकडून नेमकं काय ऐकायचं, या क्रमाने जाणार आहोत.

कोणती गाडी डोळ्यांसमोर ठेवायची?

व्हिंटेज म्हटलं की आपल्याला संस्थानिकांच्या रोल्स-रॉइस आठवतात. इंग्लंडमधल्या शौकिनांची व्याख्या तर फार काटेकोर: १९१९ ते १९३० या काळातली गाडी म्हणजे व्हिंटेज. आपल्याकडे मात्र २०२१ मध्ये केंद्राने मोटार वाहन नियमांत दुरुस्ती केली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं उलटलेली, मूळ स्वरूपात जपलेली दुचाकी किंवा चारचाकी आता व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात.

याचा अर्थ लक्षात घ्या. प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडलेली फियाट ११०० डिलाइट, १९७२ ची प्रेसिडेंट, १९७४ ची पहिली पद्मिनी, या सगळ्या वयाने त्या रांगेत येऊन बसल्यात. कालपर्यंत ज्या गाडीला आपण ‘आजोबांची फियाट’ म्हणत होतो, ती आज कायद्याच्या भाषेत व्हिंटेज ठरू शकते. मुंबईत काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीचा शेवट ऑक्टोबर २०२३ मध्ये झाला. सुटे भाग दर वर्षी दुर्मिळ होतायत. अशा वेळी पुण्यात सदाशिव पेठेतल्या वाड्यात म्हणा, एरंडवण्यातल्या बंगल्यात म्हणा, जी एखादी फियाट अजून चालू अवस्थेत आहे, तिचं इंजिन वाचवणं हा निव्वळ हौसेचा प्रश्न उरत नाही.

आणि गंमत अशी, की नेमक्या याच गाड्यांना तेलाच्या दाबाचं मीटर नव्हतं. त्यांच्या डॅशवर होता एक लाल दिवा. दुसऱ्या महायुद्धातल्या जीपमध्ये तेलाच्या दाबाचं वेगळं मीटर असायचं. पुढे घरगुती गाड्या स्वस्त आणि सोप्या करताना मीटरची जागा दिव्याने घेतली. त्याच्या आणखी मागे गेलात, तर फोर्डच्या मॉडेल टी ला यातलं काहीच नव्हतं. तिला तेलाचा पंपच नव्हता. फ्लायव्हील तेल उडवायचं आणि त्यावर इंजिन चालायचं. तेल किती आहे ते बघायला खाली दोन छोटे कॉक असत. गाडीखाली वाका, कॉक उघडा आणि बघा. तेव्हा तुमच्या जुन्या गाडीला गेज बसवण्याआधी पहिला प्रश्न हा, की तिच्या इंजिनात तेल दाबाने फिरतं का? ऑस्टिन सेव्हनसारख्या गाडीत दाब मुळातच अगदी कमी, जेमतेम काही पौंड असायचा. तिथे पन्नास पौंडांची अपेक्षा ठेवून कोणी इंजिन उघडलं, तर तो दोष इंजिनाचा नव्हे.

दाब म्हणजे काय, आणि तो कमी का होतो

‘पौंड’ हा शब्द आपण टायरवाल्याकडे रोज वापरतो. “अठ्ठावीस पौंड भर.” एक चौरस इंच जागेवर किती पौंड भार, एवढाच त्याचा अर्थ. काही गेजवर किलोमध्ये आकडे असतात, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला किलो. एक किलो म्हणजे साधारण १४.२ पौंड.

आता एक गैरसमज दूर करू. पंप दाब तयार करत नाही. पंप फक्त तेल ढकलतो. दर फेऱ्याला ठरावीक माप. ते तेल जिथून बाहेर पडतं तिथे अडथळा असतो, आणि त्या अडथळ्यामुळे दाब तयार होतो. बागेतल्या रबरी नळीच्या तोंडावर अंगठा ठेवला की पाणी लांब उडतं. नळ तोच, पाणी तेवढंच, अंगठा काढला की जोर गेला. इंजिनात हा अंगठा म्हणजे क्रँकशाफ्ट आणि बेअरिंग यांच्यामधली फट.

ही फट असते एक-दोन थाऊची. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. आणि इथलं गणित फार कडक आहे. फटीतून गळणारं तेल फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं. दोन थाऊची फट झिजून तीन थाऊ झाली, म्हणजे फट दीडपट झाली, तर गळती दीडपट होत नाही, दीड गुणिले दीड गुणिले दीड, म्हणजे जवळजवळ साडेतीन पट होते. फट दुप्पट झाली तर आठ पट. पंप मात्र तेवढंच तेल देतोय. मग दाब कोसळणारच.

दुसरं कारण उष्णता. तेल तापलं की पातळ होतं. पातळ तेल त्याच फटीतून भराभर निसटतं. सकाळी गारठ्यात गाडी चालू केली की काटा वर जाऊन बसतो आणि एप्रिलच्या दुपारी कात्रजचा घाट चढून वर गाडी थांबवली की तोच काटा खाली लोळतो. यात घाबरण्यासारखं काही नाही, पण किती खाली लोळतो, हे महत्त्वाचं. तेलाच्या डब्यावर ‘२० डब्ल्यू ४०’ लिहिलेलं असतं. त्यातला पहिला आकडा थंडीतल्या वागण्याचा, दुसरा इंजिन तापल्यावरच्या घट्टपणाचा. तो दुसरा आकडा तुमच्या घाटातल्या काट्याशी थेट जोडलेला आहे.

तिसरी गोष्ट, रिलीफ व्हॉल्व्ह. दाब फार वाढू नये म्हणून स्प्रिंगवर बसलेली एक गोळी किंवा दट्ट्या असतो. ठरावीक दाबाच्या वर तो जादा तेल परत खाली सोडतो. म्हणून वेगात काटा एका जागी स्थिर होतो. कधी त्या व्हॉल्व्हखाली कचरा अडकून तो उघडा राहतो आणि दाब पडतो. अशा वेळी बेअरिंग निर्दोष असतं, आणि माणूस मात्र इंजिन उतरवायला निघालेला असतो.

आणि लाल दिवा? तो साधारण पाच-सात पौंडांच्या खाली दाब गेल्यावर पेटतो. म्हणजे पन्नासाचे चाळीस झाले, दिवा गप्प. चाळीसचे वीस झाले, दिवा गप्प. पाच झाले, दिवा पेटला. तोवर बेअरिंगचा निकाल लागत आलेला असतो. दिवा मृत्यूची बातमी देतो आणि गेज आजाराची. म्हणून गेज हवं. पण गेज ओरडत नाही. त्याच्याकडे बघावं लागतं आणि आपलं लक्ष रस्त्यावर असतं. म्हणून दिवा काढायचा नाही. दोन्ही ठेवायचे.

गेजच्या पोटात काय असतं

नळीच्या टोकाला जे घड्याळासारखं मीटर असतं, त्याच्या आत एक चपटी, इंग्रजी सी अक्षरासारखी वळवलेली पितळी नळी असते. एक टोक बंद. आत दाब आला की ती नळी सरळ व्हायला बघते, बंद टोक किंचित हलतं आणि ती हालचाल दात्यांमधून काट्यापर्यंत पोचते. पॅरिसच्या यूजीन बूर्दाँने १८४९ मध्ये याचं पेटंट घेतलं. असं सांगतात, की त्याच्या कारखान्यात वाफेच्या यंत्राची एक गुंडाळी केलेली नळी चुकून चपटी झाली. ती पुन्हा गोल करायला तिच्यात दाबाने पाणी भरलं, तर ती गुंडाळी उलगडायला लागली. पावणेदोनशे वर्षं झाली, तत्त्व तेच आहे. वीज नको, बॅटरी नको. बॅटरी उतरलेली असली तरी हे गेज खरं बोलतं. जुन्या गाडीला विजेचं सेंडरवालं गेज न बसवता नळीचं बसवावं, असं मी म्हणतो ते यासाठी.

पण याची किंमत एक आहे. विजेच्या गेजमध्ये फक्त तार आत येते. नळीच्या गेजमध्ये इंजिनाचं गरम तेल, पूर्ण दाबाने, तुमच्या गुडघ्यांपर्यंत येतं. नळी फुटली तर ते तेल पायांवर, पेडलवर, गालिच्यावर. आणि इंजिनच्या बाजूला फुटली तर तापलेल्या एक्झॉस्टवर. म्हणून आता जे सांगतो ते सावकाश ऐका.

पहिली पायरी: आटा ओळखा

इंजिन थंड असू द्या. बॅटरीची अर्थची वायर काढा. लाल दिव्याचा स्विच ब्लॉकला जिथे बसतो, तीच बहुतेक वेळा मुख्य तेलवाहिनीची जागा. तिथे टी लावून एका फाट्याला स्विच, एका फाट्याला आपली नळी.

पहिली फसगत इथेच होते. दुकानात जाऊन आपण म्हणतो, “एक सुती युनियन द्या.” सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, हे सगळ्यांना माहीत. पण एक सुती पाइपचा आटा बाहेरून मोजला तर तीन सुतांपेक्षा थोडा जास्त भरतो, कारण ते नाव जुन्या काळच्या नळीच्या भोकावरून पडलेलं आहे. आणि त्यातही भाऊबंद आहेत. ब्रिटिश आटा: बाहेरून सुमारे ९.७ मिलिमीटर, इंचात २८ आटे. अमेरिकन आटा: सुमारे १०.३ मिलिमीटर, इंचात २७ आटे, आणि टोकाकडे निमुळता. मेट्रिक एम १० बाय १: बरोबर १० मिलिमीटर, आट्यांमधलं अंतर एक मिलिमीटर. तिन्ही हातात घेतले तर सख्खे भाऊ वाटतात. तिन्ही एकमेकांत दोन-तीन फेरे जातात. मग अडकतात. मग माणूस पाना लावतो. मग ब्लॉकचे आटे जातात.

गाडी इंग्लिश घराण्याची असेल, उदाहरणार्थ मॉरिसवरून आलेली अँबॅसडर, तर ब्रिटिश आट्याची शक्यता जास्त. जीप असेल तर अमेरिकन. फियाट असेल तर मेट्रिक. पण घराण्यावर विश्वास ठेवू नका. पन्नास वर्षांत किती हातांनी काय बदललंय, कुणास ठाऊक. निघालेला मूळ स्विचच बरोबर घेऊन जा. कॅलिपर लावा, थ्रेड गेज लावा. आणि साधी कसोटी: योग्य जोड बोटांनी तीन-चार फेरे सहज फिरतो. बोटांनी नाही फिरला तर तो तुमचा नाही.

बुधवारी किंवा रविवारी मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात गेलात, तर पितळी टी, युनियन, कधी नशिबाने मूळ गेजसुद्धा मिळतं. जरूर घ्या. पण घरी आणून आटा मोजल्याशिवाय गाडीजवळ नेऊ नका.

आणखी एक. टी वर स्विच आणि वर जड मीटरचा सेंडर, असा मनोरा उभा करू नका. इंजिन थरथरतं, मनोरा डुलतो आणि पितळ मुळाशी तडकतं. वजन वाढत असेल तर ब्लॉकपासून जाळीदार लवचीक होज काढा आणि टी बॉडीवर पट्टीने बसवा.

दुसरी पायरी: नळी

तांब्याची की नायलॉनची? बाजारात नायलॉनची तयार किट मिळतात, वाकवायला सोपी. पण एक्झॉस्टजवळ नायलॉन मऊ पडतं आणि जुनं झालं की कडक होऊन चिरतं. मी तांब्याची बाजू घेईन, पण तांब्याचा स्वभाव समजून.

हा स्वभाव पुण्यात समजावून सांगणं सोपं आहे. कसबा पेठेत तांबट आळी आहे. पेशवाईपासून तिथे तांब्याची भांडी घडतात. तिथे उभे राहून मठारकाम बघा. कारागीर भांड्यावर एकसारखे ठोके घालतो. ठोक्यांनी नुसती नक्षी उठत नाही, तांबं कडक होतं. मऊ पत्रा घट्ट, टिकाऊ होतो. पण तेच तांबं पुन्हा घडवायचं असेल तर आधी भट्टीत तापवून मऊ करावं लागतं. तापवल्याशिवाय ठोकत राहिलं तर तडा जातो.

तुमच्या नळीचं नेमकं हेच होतं. इंजिनाची थरथर म्हणजे बारीक बारीक ठोके. मिनिटाला हजारो. नळी हळूहळू कडक होते आणि एक दिवस नटाच्या तोंडाशी मोडते. जुन्या गाड्यांतल्या नळ्या बहुतेक तिथेच मोडतात. उपाय दोन. पहिला, बसवण्याआधी नळी मऊ करा: अंधाऱ्या जागी ज्योतीवर मंद लाल होईपर्यंत तापवा आणि गार होऊ द्या. पाण्यात बुडवली तरी चालेल, तांबं पोलादासारखं पाण्याने कडक होत नाही. जुनी नळी परत वापरत असाल तर आतलं तेल आधी स्वच्छ धुऊन काढा, मगच ज्योतीजवळ न्या. तांब्याचा जुना वॉशर असेल तर तोही असाच मऊ करून घ्या. फ्रिज-एसीच्या दुकानात मिळणारी गुंडाळीतली तांब्याची बारीक नळी मऊच असते. बाहेरचं माप मात्र तुमच्या फेरूलशी जुळायला हवं.

दुसरा उपाय, नळीला ढील द्या. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलंय. गाडी चालू करताना ते कसं हलतं, बॉनेट उघडून एकदा बघा. बॉडी मात्र जागेवर. नळीचं एक टोक हलणाऱ्या इंजिनाला, दुसरं स्थिर बॉडीला. मध्ये ताठ नळी असेल तर ती मोडणारच. म्हणून मध्ये दोन-तीन वेढ्यांची गुंडाळी ठेवतात. टॉर्चच्या जाड सेलभोवती किंवा बाटलीभोवती सावकाश वेढे द्या, म्हणजे नळी चेपणार नाही. जुन्या गाड्यांत ती गुंडाळी बघून लोकांना वाटतं, नळी लांब झाली म्हणून गुंडाळून ठेवली. तसं नाही. ती स्प्रिंग आहे. कापून ‘नीटनेटकी’ करू नका.

तिसरी पायरी: वाट

फायरवॉलला आधीचं एखादं भोक असेल तर तेच वापरा. रबरी ग्रोमेट लावल्याशिवाय नळी पत्र्यातून नेऊ नका, पत्र्याची धार करवतीसारखी चालते. एक्झॉस्टपासून लांब. कार्ब्युरेटरच्या दांड्यांपासून लांब. वीतभर अंतरावर क्लिप, क्लिपमध्ये रबर.

आणि वायरिंगपासून लांब, हे दोनदा सांगतो. तांबं वीज वाहतं. स्टार्टरच्या किंवा फ्यूजच्या टोकाला नळी टेकली तर ठिणगी पडते आणि नळीला भोक पडतं. यापेक्षा छुपा प्रकार म्हणजे इंजिन आणि बॉडी यांच्यामधली अर्थची पट्टी. ती गंजून तुटलेली असेल, तर स्टार्टरचा प्रचंड करंट परतीचा रस्ता शोधतो. रबराच्या माउंटिंगमधून जाता येत नाही. मग तो चोकच्या वायरमधून जातो, अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमधून जातो, नाहीतर तुमच्या तांब्याच्या नळीतून. नळी तापते, आत तेल आहे. म्हणून गेज बसवायच्या दिवशीच ती अर्थची पट्टी काढा, घासा, घट्ट बसवा.

डॅशला भोक पाडू नका. खाली छोटी पट्टी लावून गेज बसवा. गाडी मूळ स्वरूपात राहायला हवी. उद्या कुणाला गेज काढून स्विच परत बसवायचा असेल तर दहा मिनिटांत जमलं पाहिजे. पाडलेलं भोक मात्र बुजवता येत नाही.

चौथी पायरी: जोड

नळी काटकोनात कापा, आतली-बाहेरची धार साफ करा, फुंकर मारा. गेजच्या नळीत तेल वाहत नाही, एकदा भरलं की उभं राहतं. पण टी च्या बाजूला पडलेला पितळेचा कीस थेट तेलवाहिनीत जाऊ शकतो आणि तिथून बेअरिंगमध्ये. आटा साफ करायला टॅप फिरवावा लागला तर टॅपच्या खाचांत ग्रीस भरा, कीस त्याला चिकटून बाहेर येतो.

आधी नट, मग फेरूल, मग नळी तळाशी टेकेपर्यंत आत. नट हाताने पूर्ण घट्ट करा, मग पान्याने साधारण पाऊण फेरा. उघडून बघा, फेरूलने नळी धरलीय का. धरली असेल तर परत आवळा. पाने नेहमी दोन: एक जोडाचं अंग धरायला, एक नट फिरवायला. एकाच पान्याने आवळलं तर नळी पिळली जाते किंवा गेज आतून फिरतं.

टेफलॉन टेप. आपल्याकडे घरातल्या नळाला लावतात म्हणून इथेही लावतात. फेरूलच्या किंवा कोनाच्या जोडाला टेप नको. तिथे तेल अडतं ते धातूवर धातू बसून, आट्यांनी नव्हे. निमुळत्या आट्याला लावायची असेल तर पुढचे दोन आटे मोकळे सोडून. तुटलेला धागा तेलवाहिनीत गेला तर बारीक छिद्र बुजवायला तेवढा पुरतो.

आणि एक स्वस्त विमा: ब्लॉककडच्या जोडात बारीक छिद्राचा रिस्ट्रिक्टर बसवा. दाब पूर्ण पोचतो, काटा थरथरत नाही, आणि नळी फुटलीच तर तेल धो-धो न जाता बारीक धारेने जातं. तेवढ्यात तुम्ही गाडी बाजूला घेऊ शकता.

पाचवी पायरी: चाचणी

बॅटरी जोडा. इग्निशन कॉइलची बारीक वायर काढा, म्हणजे इंजिन फिरेल पण चालू होणार नाही. गेजकडचा नट थोडा सैल ठेवा, खाली फडकं धरा आणि स्टार्टर थोडा-थोडा मारा. तेल पाझरलं की नट आवळा. थोडी हवा आत राहिली तरी आकडा चुकत नाही, कारण दाब हवेतूनही तेवढाच पोचतो. फक्त काटा जरा आळसावून हलतो. कोणी विचारतं, गेज इंजिनापेक्षा उंचावर आहे, मग आकडा कमी दिसेल का? हिशेब करा: अर्धा मीटर उंचीचा तेलाचा स्तंभ म्हणजे जेमतेम ०.६ पौंड. काट्याच्या जाडीत मावतो.

आता कॉइलची वायर जोडून इंजिन चालू करा. प्रत्येक जोडाखाली वर्तमानपत्राचा तुकडा ठेवा. कागदावर तेलाचा थेंब लगेच दिसतो. इंजिन पूर्ण तापू द्या, बंद करा, गार झाल्यावर जोड पुन्हा तपासा. शंभर किलोमीटरनंतर परत एकदा.

आणि डिकीत एक छोटी पिशवी ठेवा. तिच्यात ब्लॉकच्या आट्याचं एक बूच, एक तांब्याचा वॉशर, बसणारा पाना आणि एक लिटर तेल. खंडाळ्याच्या घाटात नळी फुटली तर ताबडतोब इंजिन बंद करायचं, गार होऊ द्यायचं, टी काढून बूच बसवायचं, तेल भरायचं आणि घरी यायचं. बूच विसरलात तर टोइंगची गाडी.

काट्याचं ऐकायचं कसं

आकडा काय असावा? अँबॅसडरच्या जुन्या बी-सिरीज इंजिनात तापल्यावर, धावताना पन्नास पौंडांच्या आसपास आणि आयडलला पंधराच्या आसपास ही तब्येत चांगली मानतात. पण दुसऱ्याच्या गाडीचा आकडा तुमच्या गाडीला लावू नका. तुमच्या गाडीचा आकडा तुमच्या गाडीशीच ताडून बघा. एक वही करा. महिन्यातून एकदा, त्याच रस्त्यावर, त्याच वेगाला, इंजिन तापलेलं असताना आकडा लिहा. आयडलचाही लिहा. दोन वर्षांनी ती वही तुम्हाला जे सांगेल ते कुठलाही मेकॅनिक इंजिन न उघडता सांगू शकणार नाही.

वळणावर काटा पडतो आणि सरळ झाल्यावर उठतो: तेल कमी आहे, डिपस्टिक बघा. महिन्यागणिक हळूहळू उतरतोय: बेअरिंग झिजतंय, वेळ आहे, पैसे जमवा. तेल बदलल्यावर एकदम वेगळा दिसला: ग्रेड बघा. एकाएकी शून्य, दिवाही पेटलाय: इंजिन त्या क्षणी बंद, ‘पुढच्या चौकापर्यंत’ नाही. एकाएकी शून्य, पण दिवा पेटलेला नाही: तरीही बंद करा, मग नळी बघा. बहुधा गेज किंवा नळीच गेलेली असते, पण ती खात्री उभ्या गाडीत करायची.

प्रश्नोत्तरे

*प्रश्न: माझ्या गाडीला जाड तेल घातलं तर दाब वाढतो. मग तेच का करू नये?*

काटा वर जाईल, हे खरं. पण आपल्याला काटा वर न्यायचा नाहीये, बेअरिंगला तेल पोचवायचंय. फार जाड तेल सकाळी थंड इंजिनात वर चढायला वेळ लावतं, आणि सगळ्यात जास्त झीज त्या पहिल्या क्षणांत होते. थर्मामीटर बर्फात धरल्याने ताप उतरत नाही. एखादी ग्रेड वर-खाली ठीक, पण झिजलेलं बेअरिंग तेलाने भरून निघत नाही.

*प्रश्न: मुलगा म्हणतो, एवढं करण्यापेक्षा गाडी विकून टाका. काय सांगू?*

(हशा) ते मी कसं सांगणार, घरचा मामला आहे. पण मुलालाच खाली बसवा, बोटांनी आटा फिरवून बघायला सांगा आणि तापलेली नळी सेलभोवती गुंडाळायला सांगा. हे काम पुस्तकातून हाताला येत नाही. ज्यांना येतं ती माणसं कमी होत चाललीत. गाडी ठेवायची की विकायची, ते त्याने त्यानंतर ठरवावं.

*प्रश्न: ही नळी किती वर्षांनी बदलावी?*

वर्षांवर जाऊ नका. दर सर्व्हिसिंगला नटाच्या तोंडाशी बोट फिरवा. ओलसर लागलं, हिरवट डाग दिसला किंवा नळी पूर्वीसारखी लवत नसेल, तर काढा आणि मऊ करून घ्या किंवा नवी घाला. नळीला लागतात काही शे रुपये. क्रँकशाफ्टचं ग्राइंडिंग आणि बेअरिंगचा सेट यांचं बिल ज्यांनी भरलंय, त्यांना पुढचं सांगायला नको.